मामांना पूर्ण अधिकार

"माझ्या लग्नात कोणीही रुसणार नाही!" असं रितिकाने जाहीर केलं, तेव्हा तिच्या आईने, कुसुमताईंनी, हातातलं लाटणं खाली ठेवून देवाला नमस्कार केला. त्यांच्या घराण्यात लग्न म्हटलं की कोणीतरी रुसायचंच. वेळेवर रुसलं नाही, तर त्या माणसाची तब्येत बरी आहे ना, असा फोन जायचा!

पण रितिका नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत मोठमोठे प्रोजेक्ट सांभाळत होती. डझनावारी इंजिनिअर वळणावर आणणाऱ्या बाईला चार नातेवाईक काय जड! तिने आपल्या लग्नाचाच प्रोजेक्ट केला. ऑफिसात वापरतात तसलं ॲप सगळ्यांच्या मोबाईलवर टाकलं. त्यात एक एआय मदतनीस होता. सांगितलं ते करायचा आणि उलट बोलायचा नाही. त्या घराला ही सवयच नव्हती.

प्रत्येकाला कामापुरते अधिकार मिळाले. केटररला जेवणाचे पदार्थ बदलता यावेत. थोरले जावई दुर्गेशराव हॉल आणि गाड्या बघत होते, म्हणून त्यांनाही बदल करता यावेत. कुसुमताईंचे भाऊ शालिकराम मामा लांब पारशिवनीला, गावी. त्यांच्याकडे काहीच काम नव्हतं, तेव्हा त्यांना सगळं नीट दिसलं की झालं.

एका सकाळी रितिकाने मदतनीसाला हुकूम सोडला, "टीममध्ये कोण कोण आहे आणि कोणाला काय अधिकार आहेत, यादी दे." त्याने यादी दिली. नुसती तिलाच नाही, सगळ्या टीमला दिली! चहा गार व्हायच्या आत मामांचा फोन.

"काय लिहून राहिलं वं हे मोबाईलवर? दुर्गेश, बदल करू शकतात. केटरर, बदल करू शकतात. शालिकराम, फक्त पाहू शकतात!"

"मामा, ते नुसतं कामापुरतं..."

"जवायाले अधिकार, भात शिजवणाऱ्याले अधिकार, अन् सख्ख्या मामाले पाहाले बसवलं! ठीक आहे. पाहतो. पारशिवनीतूनच पाहतो!"

फोन बंद. कुसुमताईंनी डोळ्याला पदर लावला. "आता तुले मांडवात कोण आणन वं? अंतरपाटापर्यंत काय ऑटोनं जाशीन?"

लहानपणापासून रितिकाने आपल्या लग्नाचं एकच चित्र पाहिलं होतं. हातात हार घेतलेली ती आणि शेजारी फेटा बांधलेला मामा. नवरदेव त्या चित्रात फार उशिरा आला होता. मामाच्या जागी दुसरं कोणी तिला नकोच होतं!

तिने लगेच मदतनीसाला सांगितलं, "शालिकराम मामांना माझ्याइतके पूर्ण अधिकार दे. फक्त त्यांनाच." दिले! मामांना फोन करून कळवलं.

"हं," मामा म्हणाले.

मामांचं 'हं' म्हणजे अर्धा होकार. रितिकाने टाळी वाजवली. पिढ्यान् पिढ्या सुटला नाही तो मानपानाचा प्रश्न तिने एका वाक्यात निकालात काढला होता!

दुपारी घरातले सगळे मोबाईल एकदम वाजले. "रितिका आणि सौरव यांचे लग्न काढून टाकण्यात आले आहे. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद!"

हाच निरोप केटररला गेला, बँडवाल्याला गेला, सौरवच्या घरी गेला, पारशिवनीलाही गेला. बँडवाल्याने लगेच विचारलं, "ताई, मंग तारीख कामठीच्या पार्टीले देऊन टाकू काय?" पाठोपाठ नवरदेवाचा, सौरवचा फोन. "रितिका, लग्नाच्या नाश्त्यातल्या तर्री पोह्यावरून मी काल जे बोललो ना, ते मागे घेतो!" रितिकाचे वडील गणपतराव देवघरासमोर जाऊन बसले ते उठेनात.

रितिकाने घाईघाईने ॲप उघडलं. डिलीट झालेल्या सामानात तिला आपलं लग्न सापडलं आणि तिने ते परत जागेवर ठेवलं. पण माणसांच्या डोक्यात ते परत कसं ठेवायचं? जो तो फोन करून सांत्वन करत होता!

तासाभरात हुडकेश्वरला रितिकाच्या घरापुढे जीप करकचून थांबली. मामा उतरले. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात बूट!

"कोन मोडून राहिलं माह्या भाचीचं लग्न? नाव सांगा फक्त!"

रुसवा पारशिवनीलाच राहिला होता. मामांनी बँडवाल्याला फोनवरच वाजवला. केटररला दम दिला. सौरवच्या वडिलांना म्हणाले, "लग्न होईन, त्याच तारखेले होईन! पोरीले मी आणतो मांडवात. पाहतो कोण अडवते!" संध्याकाळपर्यंत सगळं जागच्या जागी. जे ॲपला जमलं नव्हतं ते मामांच्या घशाने केलं!

"आता विचार तुह्या मशीनले," मामा गरजले. "कोन होता तो?"

रितिकाने विचारलं. मदतनीसाने स्क्रीनवर नम्रपणे उत्तर लिहिलं, "शालिकराम." तिने मोबाईल पालथा ठेवला.

"मशीनच बिघडली, मामा."

लग्नाच्या दिवशी हॉल खचाखच भरला. मामा फेटा बांधून भाचीला मांडवात घेऊन निघाले. रितिकाला वाटलं, जग जिंकलं! अंतरपाट चार पावलांवर असताना मामा तिच्या कानाशी वाकले.

"बाई, त्या दिवशी मी मोबाईलवर जवायाचं नाव माह्या खाली सरकवून राहिलो होतो. माह्या बोटानं तं काही झालं नाही ना?"

हातात हार असताना खोटं कसं बोलायचं? "झालं ना, मामा. पूर्ण अधिकार होते तुम्हाला. लग्न काढून टाकायचासुद्धा!"

मामांचा चेहरा पडला. पाऊल थबकलं. भटजींनी घसा खाकरला. मग मामांनी हळूच विचारलं, "अन् दुर्गेशरावाले होता काय तो अधिकार?"

"नाही. अख्ख्या खानदानात मी सोडून फक्त तुम्हाला."

मामांनी फेटा सारखा केला, छाती पुढे काढली आणि भाचीला अशा काही ऐटीत पुढे नेलं, की पहिल्या रांगेत बसलेले थोरले जावई उगाचच उठून उभे राहिले!