भिंगरीचा गुडघा आणि माझी वजाबाकी

गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आमच्या कुत्रीचं आणि झालं माझ्या वडिलांचं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही लिहिलेलं नाही. घरात सगळं उत्तम आहे, वडील मजेत आहेत, आणि आपण सुरुवात माझ्यापासून करू, कारण माझ्याइतका काटेकोर माणूस तुम्हाला दिवसा कंदील घेऊन शोधला तरी सापडायचा नाही!

मी वजनकाटे तपासतो. हा छंद नव्हे, नोकरी आहे. दुकानात जायचं, काट्यावर आमच्या कार्यालयाची प्रमाण वजनं ठेवायची, काटा खरं बोलला तर शिक्का मारायचा, खोटं बोलला तर तारेने बांधून शिशाचं सील ठोकायचं. शिक्का वर्षभर चालतो. वर्षाला एक दिवस वर झाला की माझ्या लेखी तो काटा संशयित. मला गल्लीत शिरताना पाहून दुकानदारांना अचानक बाहेरची कामं आठवतात. यालाच मी आदर म्हणतो.

भिंगरी ही आमची कुत्री. तिच्यात कुत्री किती आणि केस किती, हे आजवर कोणाला ठरवता आलेलं नाही. पावसात भिजली की निम्मी होते आणि वाळली की सोफ्यावर आम्हाला जागा उरत नाही. त्या बुधवारी ती मागच्या अंगणात मांजराच्या मागे धावली. मांजर गर्रकन वळलं, भिंगरीही वळली, तिचा उजवा गुडघा मात्र सरळच गेला. परत आली ती तीन पायांवर, आणि चौथा पाय दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा हवेत धरून.

दुसऱ्या दिवशी तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी गुडघा दाबला, हाड पुढे-मागे करून पाहिलं आणि सांगितलं की लिगामेंट अर्धवट फाटलंय. म्हणजे मांडीचं हाड आणि खालचं हाड बांधून ठेवणारी आतली दोरी. उपाय दोन. कुत्री पंधरा किलोच्या आतली असेल तर आठ आठवडे सक्तीची विश्रांती देऊन बघता येईल. त्याहून बरीच जड असेल तर तेवढ्यावर भागायचं नाही, हाड कापून धातूची पट्टी बसवावी लागेल.

"उचलून पंधराच्या आसपास वाटते," बाई म्हणाल्या, "पण या केसांत काय दडलंय देव जाणे. मी अंदाजावर कोणाचं हाड कापत नाही."

मी म्हटलं, मग काट्यावर ठेवा की. बाईंनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. कोपऱ्यात काटा होता. काट्याला तार होती. तारेला सील होतं. सीलवर माझ्या कार्यालयाचा ठसा होता आणि शेजारी माझी सही.

गेल्या महिन्यात भिंगरीला इंजेक्शन द्यायला आणलं, तेव्हा मीच तो काटा सवयीने तपासला होता. चाळीस ग्रॅम जास्त दाखवत होता. नियम म्हणजे नियम! आता दुसरा नियम असा की, ज्याने सील ठोकलं त्याने ते परस्पर काढायचं नाही, त्याला साहेबांची सही लागते. साहेब प्रशिक्षणाला गेले होते.

"मग वजन तुम्हीच करून आणा," बाई म्हणाल्या. "माझा तुमच्यावर विश्वास आहे. तुमचा माझ्या काट्यावर नसला तरी."

घरी येऊन मी सगळ्यांना दोन्ही उपाय समजावून सांगितले. सगळे म्हणजे आई आणि बाबा. हाड कापायचं म्हटल्यावर बाबा खुर्चीतून उठले. ताडकन उठायचा त्यांचा बेत होता, पण त्यांचाही उजवा गुडघा कामातून गेलेला असल्यामुळे उठणं तीन टप्प्यांत झालं आणि रागातली निम्मी मजा गेली. हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना दोन वर्षांपूर्वीच गुडघा बदलून घ्यायला सांगितलं होतं. तेव्हापासून उन्हाळा, थंडी, चष्म्याचा वाढलेला नंबर अशी एकेक कारणं काढत ते जिना खेकड्यासारखे आडवे उतरत होते.

"मुक्या जनावराला कापायचं नाही," बाबा म्हणाले.

आईने विचारलं, आणि कापावंच लागलं तर?

"तिला कापलं तर मीही कापून घेईन."

आईने त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

इथे बाबांचा स्वभाव सांगायला हवा. ते निवृत्त गणिताचे मास्तर. शब्दाचे आणि आकड्याचे पक्के. सातवीत मी त्यांच्याच वर्गात होतो. मला चौतीस गुण मिळाले आणि पस्तीसला पास होतं. आई त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाही, पण गुण चौतीसच राहिले. तेव्हा आता सगळं पंधरा किलोवर आलं होतं. बाबांनी त्या दिवसापासून भिंगरीच्या ताटलीतलं निम्मं काढून घ्यायला सुरुवात केली. आई त्यांची पाठ वळली की ते परत टाकायची.

रविवारी सकाळी मी कार्यालयातला काटा घरी आणला. भिंगरी त्यावर उभी राहीना. तीन पायांवरच्या कुत्रीला हलत्या पत्र्यावर उभं राहा म्हणणं बरोबरही नव्हतं. मी तिला उचललं आणि दोघं मिळून काट्यावर चढलो. एकोणनव्वद किलो. नियमाप्रमाणे तीनदा मोजलं, तिन्ही वेळा एकोणनव्वद. तीनदा एकच आकडा आला की आमच्या खात्यात पुढचा विचार थांबवतात.

आई म्हणाली, आता तू एकटा उभा राहा. मी म्हटलं, गरज नाही, माझं वजन अडुसष्ट आहे. तिने विचारलं, कशावरून? मी म्हटलं, नोकरीला लागताना दिलेल्या वैद्यकीय दाखल्यावरून. सही आहे, शिक्का आहे. आईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, शिक्का आहे म्हणजे प्रश्नच मिटला, आणि साहेब प्रशिक्षणाहून कधी यायचेत रे? मी म्हटलं, शुक्रवारी. आईला माझ्या नोकरीत रस वाटू लागला, म्हणून मला बरं वाटलं.

बाबांनी वहीत वजाबाकी मांडली. एकोणनव्वद वजा अडुसष्ट. एकवीस. त्यांनी ताळा केला. अडुसष्ट अधिक एकवीस, एकोणनव्वद.

"वजाबाकी बरोबर आहे," ते म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा पडला.

मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, एकवीस? उचलताना तशी वाटली नव्हती. मी त्यांना आठवण करून दिली की आपल्या दोघांपैकी सील कोणाच्या काट्याला आहे. बाईंनी वही उघडली. जनावरांच्या हाडांचे सर्जन त्यांच्याकडे फक्त शनिवारी येतात, तेव्हा ऑपरेशन शनिवारी ठरलं. मी फोन ठेवला आणि आईने उचलला. तिकडे बाबांच्या डॉक्टरांकडे कोणीतरी माघार घेतली होती. बुधवार मिळाला. बाबांनी कॅलेंडरकडे पाहिलं, त्यावरच्या आपल्या वाक्याकडे पाहिलं आणि पिशवी भरायला घेतली.

बुधवारी त्यांना आत नेताना त्यांनी मला खाली वाकायला सांगितलं. मला वाटलं, कागदपत्रं कुठे ठेवलीत ते सांगतील.

"शनिवारी तिच्याजवळ थांब," ते म्हणाले. "माझ्याच तोंडामुळे मला कापताहेत, हे मला समजतं तरी. तिला काय सांगणार आहेस?"

मी म्हटलं, थांबतो.

बाबांचं सगळं व्यवस्थित पार पडलं. शुक्रवारी साहेब आले, त्यांनी सही दिली. शनिवारी सकाळी मी एका हातात भिंगरी आणि दुसऱ्या हातात अवजारांची पेटी घेऊन दवाखान्यात पोचलो. सील तोडलं, चाळीस ग्रॅम काढून टाकले, प्रमाण वजनं ठेवून पाहिली, शिक्का मारला. सर्जनसाहेब हात धूत होते. बाई म्हणाल्या की भूल द्यायच्या आधी त्या प्रत्येकाचं वजन करतातच, औषध त्यावर ठरतं. त्यांचा काटा जमिनीसरशी आहे, भिंगरीला ओळखीचा. ती लंगडत गेली आणि त्यावर पसरली.

चौदा किलो सहाशे ग्रॅम.

मी म्हटलं, काटा बिघडलाय. बाईंनी फक्त शिक्क्याकडे पाहिलं. तो अजून चकाकत होता.

"तुम्ही चढा," बाई म्हणाल्या.

मी बूट काढले. खिशातल्या किल्ल्या काढल्या. पट्टा काढायला हात घातला तेव्हा बाईंनी पुरे म्हटलं. काट्यावर चौऱ्याहत्तर किलो चारशे ग्रॅम आले. दाखल्याला पाच वर्षं झाली होती. दुकानदाराचा काटा असता तर मी त्याला चार वर्षांपूर्वीच सील ठोकलं असतं.

बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"सहा किलो चारशे," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझे फक्त चाळीस ग्रॅम होते."

मग बाई आणि सर्जनसाहेब दोघांनी भिंगरीचा गुडघा पुन्हा तपासला. आठ-दहा दिवस पडून राहिल्याने सूज उतरली होती, आणि दोरीचा शाबूत भाग धरून होता. दोघांचं एकमत झालं. कापायचं नाही. आठ आठवडे जिना नाही, सोफा नाही, उड्या नाहीत, अंगणातही पट्ट्याशिवाय पाऊल नाही, आणि वजन वाढू द्यायचं नाही. भिंगरीने माझा हात चाटला. तिला यातलं काही कळलं नव्हतं, म्हणूनच चाटला.

तिथून मी थेट इस्पितळात बाबांच्या खोलीत गेलो. त्यांचा पाय उशीवर होता, पायाला हातभर पट्टी. मी सगळं सांगितलं. त्यांनी कागद मागितला, आकडे पुन्हा मांडले.

"वजाबाकी माझी बरोबरच होती," ते म्हणाले. "दिलेली संख्या खोटी होती." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तिला कापलं नाही?"

मी नाही म्हटलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि जरा वेळाने नाक ओढलं. मग तसंच भिंतीला सांगितलं की चौतीस गुणसुद्धा जास्तच दिले होते.

बाहेर बाकावर आई बसली होती. मी तिच्याजवळ बसून कबूल केलं की माझं वजन सहा किलो चारशे ग्रॅमने वाढलंय. तिला धक्का बसेल म्हणून मी पाण्याची बाटली हातात धरली होती.

"तुझ्या पँटी कमरेत दोनदा मी सैल करून दिल्यात," आई म्हणाली. "मला काय सांगतोस?"

मग रविवारी बोलली का नाहीस, असं मी विचारलं.

"दोन वर्षं त्यांना आडवं उतरताना बघत होते. त्यांना हलवायला एकवीस किलो लागणार होते, ते मी कुठून आणणार?"

आणि भिंगरीला खरंच कापलं असतं म्हणजे? आईने माझ्या हातातली बाटली घेतली, पाणी प्यायली. बाई वजन केल्याशिवाय कोणाला भूल देत नाहीत, हे तिने सोमवारीच फोन करून विचारून घेतलं होतं. साहेब शुक्रवारी येणार, हे तर मीच सांगितलं होतं.

आता पाचवा आठवडा चालू आहे. सकाळ, दुपार, संध्याकाळ, पाच-पाच मिनिटं, फाटकापासून दारापर्यंत बाबा वॉकर घेऊन चालतात आणि शेजारून पट्टा बांधलेली भिंगरी. दोघं एकाच बाजूला लंगडतात. एक थांबला की दुसरा थांबतो आणि पट्टा धरलेला मी दोघांच्या मध्ये निमूट उभा राहतो. गेल्या मंगळवारी भिंगरीने चौथा पाय पूर्ण टेकवला. बाबांनी ते आधी पाहिलं आणि आपण पाहिलं नाही असं दाखवलं, कारण डोळे पुसायला वॉकर सोडावा लागला असता.

वजन वाढू द्यायचं नाही, ही बाईंची सूचना आईने स्वयंपाकघरात चिकटवली आहे. कुत्रीसाठी की कोणासाठी, हे बाईंनी लिहिलेलं नाही. दर रविवारी काट्यावर आधी भिंगरी चढते, मग मी. भिंगरी चौदा-सहाशेवर ठाम आहे. मला ताटात दुसऱ्यांदा वाढणं बंद झालंय. म्हणून काल मी साहेबांच्या टेबलावर रीतसर अर्ज ठेवला आहे. त्याची प्रत इथे जोडतो:

विषय: वजन वर्ग करून मिळण्याबाबत. महोदय, अर्जदाराचे सहा किलो चारशे ग्रॅम वजन हे रविवार ते शनिवार या कालावधीत कुत्री नामे भिंगरी हिच्या नावे विनातक्रार चालू होते. सदर कालावधीत कुत्रीस त्याचा कोणताही भार जाणवल्याचे आढळून आले नाही. सबब, सदर वजन तिच्याच नावे कायमस्वरूपी वर्ग करण्यात यावे, आणि अर्जदारास अडुसष्ट किलोचा शिक्का मारून मिळावा, ही नम्र विनंती.