कॅल्गरीचं घड्याळ

डोर्कस गेली, असं हॉस्पिटलातून कळलं तेव्हा स्वयंपाकघरातल्या एका घड्याळात साडेनऊ वाजले होते आणि दुसऱ्यात सहा. दुसरं घड्याळ कॅनडाच्या पश्चिमेकडच्या कॅल्गरीचं. मुलगा क्लेटन सहा वर्षांपूर्वी तिकडे कामाला गेला, त्याच आठवड्यात डोर्कसने ते भिंतीवर लावलं. साडेतीन तासांचं गणितही तीच करायची. तिच्या नवऱ्याला, ॲम्ब्रोजला, ते कधी जमलं नाही. "तीन तासांचं समजतं मला," तो म्हणे, "पण आपल्या न्यूफाउंडलंडला हा वरचा अर्धा तास कुणी चिकटवला?"

क्लेटनची झोपमोड करायची नाही, हा डोर्कसचा नियम होता. त्यामुळे दुसऱ्या घड्याळात सात वाजेपर्यंत ॲम्ब्रोज फोनजवळ नुसता बसून राहिला.

"परवा येतो, बाबा," क्लेटन म्हणाला. "सकाळी सहाला निघतो, अडीचला उतरतो."

क्लेटनची वेळ म्हणजे दुसऱ्या घड्याळाची वेळ. ॲम्ब्रोजने अडीचमध्ये साडेतीन मिळवले. सहा झाले. गणित जमलं म्हणून त्याला जरा बरंही वाटलं.

क्लेटन यायच्या दिवशी दुपारभर ॲम्ब्रोज चर्चमध्ये होता. शेजारचा सेल्बी तिथूनच त्याला गाडीत घेऊन निघाला. वाटेत सेल्बीने बोटांवर मोजलं.

"सहाला निघून अडीचला? साडेआठ तास झाले की. डोर्कस तर पाच तासांचा प्रवास म्हणायची."

"वारा समोरून असेल."

"साडेतीन तासांचा वारा?"

"तू समोर बघून गाडी चालव."

विमानतळावर चिटपाखरू नव्हतं. खिडकीतल्या मुलीने यादी पाहिली. "काका, कॅल्गरीचं विमान अडीचलाच उतरलं."

"कुठल्या अडीचला?"

"आपल्या. उतरायची वेळ ज्या गावी उतरायचं तिथलीच सांगतात."

गाडीत बसल्यावर सेल्बी म्हणाला, "म्हणजे वाऱ्याचा काही दोष नव्हता."

घराला कधी कुलूप नसायचं. क्लेटन टॅक्सीने येऊन डोर्कसच्या खुर्चीवर बसला होता. समोर चहा निवला होता.

"बाबा, विमानतळावर तासभर उभा होतो मी. इथे फोन केला, तर कोणी उचलेना."

"माझी वेळ चुकली रे."

"चुकणारच. भिंतीवरचं एक घड्याळ चांगलं तीन-साडेतीन तास मागे पडलंय. आई असती तर चाललं असतं का हे? लावून ठेवलंय मी नीट."

ॲम्ब्रोजने वर पाहिलं. दोन्ही घड्याळांत साडेसात.

"बरं केलंस," तो म्हणाला, आणि त्याने चहा गरम करायला ठेवला.

दफन झालं. रविवारी क्लेटन परत गेला. पोचल्यावर फोन केला, तेवढाच. आता ॲम्ब्रोज रोज रात्री फोन उचलतो, भिंतीकडे बघतो आणि पोरगा झोपला असेल म्हणून परत ठेवतो.

खुर्चीवर चढून ते घड्याळ साडेतीन तास मागे करायचं अजून राहिलंय.