ठोंबरेबाईंचे उपशिक्षक

आमच्या शेजारच्या ठोंबरेबाई कॉम्प्युटरचा एरर श्रुतलेखन घातल्यासारखा वाचतात. इंग्रजीचं मराठी करून, खणखणीत आवाजात, दोनदा. "ओळ चौथी. कंस अपुरा. पुन्हा सांगते, ओळ चौथी..." दहिवलीतली आमची गल्ली ऐकत असते. उघडलेला कंस बंद करावा लागतो हे आता भाजीवाल्यालाही ठाऊक आहे.

भिवपुरीकडच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर बाई पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकायला बसल्या. मी घरून प्रोग्रामिंगची नोकरी करतो, म्हणून गुरू मीच. पडद्यावरचं नोटबुक त्यांना फार आवडलं. एका चौकटीत लिहायचं, चालवलं की लगेच खाली उत्तर. "वहीच की रं ही! फक्त पानं फाडून विमानं करता येत नाय."

मग दर शनिवारी त्या डोंगरावरच्या वाडीतल्या तीन मुलींना आपल्या घरी शिकवू लागल्या. मी कौतुकानं लँग्वेज सर्व्हर बसवून दिला. म्हणजे मागे बसून आपलं लिखाण वाचणारा प्रोग्राम. अडलं की शब्द सुचवतो, चुकलं की लाल नागमोडी रेघ मारतो. बाईंनी त्याला नाव दिलं, उपशिक्षक.

दोघांचं दोन दिवसही पटलं नाही. स्वल्पविरामानंतर जागा सोडली नाही, मार रेघ. ओळ लांबली, मार रेघ. "अहो उपशिक्षक, वाक्य तरी पुरं होऊ द्या!" बाई पडद्यावर डाफरायच्या.

एकदा त्यांनी स्वतःच सेटिंगची फाइल उघडली, तिच्यातला एक स्वल्पविराम उडवला, आणि उपशिक्षक ठार मुके झाले. "रजेवर गेले!" बाई खूश. मी त्यांना कामावर परत आणलं आणि किरकोळ तक्रारी बंद केल्या.

"सगळ्याच रेघा काढ," बाई म्हणाल्या. "सुचवणं तेवढं राहू दे."

"बाई, चुका दिसायला नकोत?"

"चौकट चालवली की खाली दिसतात. लिहिताना नको."

मी ऐकेना. शेवटी प्रश्न माझ्या धंद्याचा होता. बाईंनी चष्मा काढला.

"वाडीवरचा किसन माझ्या वर्गात होता. आईवरचा निबंध त्यानं घरी बोलतात तसाच लिहिला. मी पानभर लाल रेघा मारल्या. दुसऱ्या दिवसापासून आला नाय. दोनदा वाडीवर गेले, तर मला बघून रानात पळाला." चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "शनिवारी येते ती मंगल त्याची लेक."

मी सगळ्या रेघा बंद केल्या.

शनिवारी मंगलनं एकेक अक्षर शोधत टाइप केलं. उपशिक्षकांनी अडलेला शब्द अदबीनं पुढे केला. चौकट चालवली आणि खाली 'मंगल' शंभर वेळा उमटलं. तिघी खिदळल्या. बाईंनी तर टाळ्याच वाजवल्या.

किसन लेकीला न्यायला आला होता. चपला काढून बाहेरच उभा.

"आत ये रं."

"नको बाई. हितंच बरा हाय."

बाईंनी आग्रह केला नाही. दोन खुर्च्या ओट्यावर नेल्या, एकीवर त्याला बसवलं, दुसरीवर स्वतः बसल्या.

"किसन, तुझा निबंध मी नुसता तपासला. वाचलाच नाय," त्या म्हणाल्या. "काय लिहिलं होतंस रं आईबद्दल?"

किसन खुर्चीत सावरून बसला. मग हसला, आणि त्याच्या बोलीत सांगू लागला.