चार नंबरचं तापमान

शनिवारी सकाळी पावणेअकराच्या सुमाराला पोस्टमास्तरांचा फोन वाजला. नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली होती, पण फोन वाजला की अजूनही ते आधी चष्मा लावत, मगच उचलत. चष्मा लावून त्यांनी फोन कानाला लावला. पलीकडून एक बाई अगदी सपाट आवाजात बोलू लागली.

"रुग्णालयाकडून सूचना. चार नंबरचं तापमान वाढत आहे. सूचना मिळाली असल्यास एक दाबा."

"कोण बोलतंय?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"चार नंबरचं तापमान वाढत आहे. सूचना मिळाली असल्यास एक दाबा."

बाई काही ऐकून घेण्यातली नव्हती. मिळालेल्या गोष्टीची पोच द्यायची, हे तर पोस्टमास्तरांनी छत्तीस वर्षं लोकांना शिकवलं होतं. त्यांनी एक दाबला.

"धन्यवाद. जबाबदारी आपण स्वीकारली आहे," बाई म्हणाली आणि फोन बंद झाला.

पोच दिली होती हे खरं, पण जबाबदारी कुणी मागितली होती? त्यांनी उलट फोन करून पाहिला, तो लागेना. सून त्याच रुग्णालयात, कर्करोगाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिला फोन केला, तो नुसता वाजत राहिला. कामाच्या खोलीत जाताना तिला फोन बाहेर कपाटात ठेवावा लागे.

"चार नंबर म्हणजे कोण असेल गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"कोण म्हणजे? खालचे विमावाले," बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. "चार नंबरच्या घरात दुसरं कोण राहतं? काल जिन्यात शिंकत होते."

आता प्रश्नच उरला नाही. निरोप आला होता, पत्ता कळला होता. तो निरोप पोचवल्याशिवाय पोस्टमास्तरांच्या घशाखाली घास उतरला नसता. ते तसेच घरच्या चपला घालून जिना उतरले.

विमावाले हातात चहाचा कप घेऊनच दार उघडायला आले. चांगले टवटवीत दिसत होते.

"तब्येत कशी आहे?" पोस्टमास्तरांनी जपून विचारलं.

"छान आहे की. का हो?"

"नाही, रुग्णालयातून फोन होता. तुमचं तापमान वाढतंय म्हणून."

विमावाल्यांनी कप खाली ठेवला. "माझं? त्यांना कसं कळलं?"

"ते काही बोलले नाहीत. यंत्रावरून फोन होता."

"गेल्या महिन्यात मी तिथे रक्त तपासायला दिलं होतं," विमावाले हळूच म्हणाले आणि खुर्चीत बसले. पंचवीस वर्षं लोकांना आजारांची भीती घालून त्यांनी विमे विकले होते. त्यामुळे माणसाला काय काय होऊ शकतं याची यादी त्यांना तोंडपाठ होती, आणि ती आता त्यांच्या डोळ्यांपुढून सरकत होती. "तेव्हा म्हणाले, सगळं व्यवस्थित आहे. मला तेव्हाच शंका आली होती."

थर्मामीटर लावला. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा.

"काही नाही तुम्हाला," पोस्टमास्तरांचा जीव भांड्यात पडला.

"पण ते काय म्हणाले? वाढलंय की वाढतंय?"

"वाढत आहे, असंच म्हणाले."

"मग थांबायला हवं."

दोघं थांबले. थांबता थांबता विमावाल्यांनी उरलेला गरम चहा घशाखाली ढकलला आणि पुन्हा थर्मामीटर तोंडात धरला. अठ्ठ्याण्णव पॉइंट नऊ. दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं. विमावाल्यांना दरदरून घाम फुटला. पोस्टमास्तरांनी त्यांना खांद्याचा आधार देत खाली आणलं आणि टॅक्सी थांबवली. वाटेत विमावाले एकच वाक्य बोलले, "माझ्या पॉलिसीत ताप बसत नाही."

रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात काउंटरवर एक तरुण कारकून बसली होती.

"काय होतंय?"

"तापमान वाढतंय," पोस्टमास्तर म्हणाले.

"किती आहे?"

"अठ्ठ्याण्णव पॉइंट नऊ."

तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "कोणी पाठवलं तुम्हाला?"

"तुम्हीच."

विमावाल्यांचा पांढराफटक चेहरा पाहून तिने त्यांना खाटेवर निजवायला सांगितलं. मात्र चार नंबरचा कुठलाच पेशंट तिच्या यादीत सापडेना. पोस्टमास्तर हट्टाला पेटले. "माझी सून इथेच आहे, कर्करोगाच्या प्रयोगशाळेत. तिला बोलवा, ती सांगेल."

पाच मिनिटांनी सून डोक्यावरच्या टोपीसकट धावत आली. "अण्णा, काय झालं? कुणाला बरं नाही?"

"विमावाल्यांना. फोन आला होता. चार नंबरचं तापमान वाढत आहे, सूचना मिळाली असल्यास एक दाबा."

सून जागच्या जागी थिजली. "कुठल्या फोनवर?"

"या. तू दिलेल्या."

नवा नंबर घेतल्यावर तिने आपला जुना नंबर सासऱ्यांना दिला होता. ऑफिसात तसा फॉर्म भरायचा मात्र राहून गेला होता.

"अण्णा, तुम्ही एक दाबलात?"

"दाबला. पोच नको द्यायला?"

पुढचं ऐकायला सून तिथे नव्हतीच. ती तळघराच्या जिन्याकडे पळत सुटली होती. पोस्टमास्तरही चपला फटफटवत मागून गेले. जबाबदारी त्यांनी स्वीकारली होती, त्यामुळे माघारी फिरायची सोय नव्हती.

तळघरात माणसाएवढे उंच फ्रीझर ओळीने उभे होते. चार नंबरच्या दाराच्या रबरावर बर्फ साठून ते बोटभर उघडं राहिलं होतं. उणे ऐंशीवर असायला हवा तो आकडा उणे त्रेसष्टवर आला होता.

"साठ झालं की सगळं फुकट," हातमोजे चढवत सून म्हणाली. "एकाने पोच दिली की यंत्र पुढच्या कुणाला फोन करत नाही, अण्णा."

आत काय आहे ते पोस्टमास्तरांना ठाऊक होतं. तिनेच एकदा त्यांना समजेल असं सांगितलं होतं. रोग पसरवण्याची ताकद काढून घेतलेला एक विषाणू, आणि त्याच्या पोटात योग्य जनुक. तो ते जनुक गाठीतल्या पेशीपर्यंत नेऊन पोचवतो. तीन वर्षं खपून पहिल्या पेशंटसाठी डोस तयार झाले होते. दोन मुलांची आई होती ती, आणि बुधवारी तिला पहिली सुई द्यायची होती.

पोस्टमास्तरांना आत्ता कळलं. एक बटण, आणि आपण काय करून बसलो.

"यादी वाचा," सुनेने कागद त्यांच्या हातात कोंबला.

ते खणखणीत आवाजात एकेक नंबर वाचत गेले आणि सून एकेक डबा काढून शेजारच्या पाच नंबरमध्ये रचत गेली. शेवटचा डबा आत गेला तेव्हा चार नंबरचा आकडा उणे एकसष्ट होता. सून जमिनीवरच बसली. वर विमावाल्यांचं सगळं तपासून झालं होतं. काहीही निघालं नव्हतं, आणि याचा त्यांना थोडा रागच आला होता.

सोमवारी रुग्णालयाच्या व्यवस्थापक बाईंनी दोघांनाही बोलावलं. पोस्टमास्तर रविवारभर धड जेवले नव्हते. आपल्यापायी सुनेची नोकरी जाणार, हे ते मनाशी धरूनच चालले होते.

"चूक माझी आहे," बाईंच्या खोलीत शिरताच सून म्हणाली.

"नाही, बटण मी दाबलं," पोस्टमास्तर म्हणाले.

बाईंनी हातानेच दोघांना बसायला सांगितलं आणि समोरचा कागद पुन्हा वाचला. "गेल्या वर्षभरात अशा अकरा सूचना गेल्या. प्रत्येकाने एक दाबला आणि सवडीने आला. सरासरी पावणेतीन तास. एक जण तर थेट दुसऱ्या दिवशी उगवला. परवा पोच दिल्यापासून सत्तेचाळीस मिनिटांत माणूस इथे हजर, तोही एक शेजारी बरोबर घेऊन."

सुनेने खरं काय झालं ते सगळं सांगितलं, फॉर्मसकट. बाईंनी कागद बाजूला ठेवला. मग त्यांनी पोस्टमास्तरांकडे निरखून पाहिलं.

"यांचं वय काय?"

"अठ्ठ्याहत्तर," सून म्हणाली.

"म्हणजे रजेवर वगैरे जात नसतील."

"नाही," पोस्टमास्तर भीतभीत म्हणाले.

"रात्री झोप लागते?"

"फारशी नाही."

"छान," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी ड्रॉवरमधून बाकीच्या बावीस फ्रीझरची यादी काढली.