आतून न उघडणारा कप्पा

माझ्या नजरेतून परदेशी खिळासुद्धा सुटत नाही! ही बढाई नाही. म्हणजे बढाईच आहे, पण खरी आहे. सरकारी बांधकामात देशात बनलेलाच माल वापरायचा असा नियम आहे, आणि तो पाळला जातो की नाही हे बघायची नोकरी माझी. मी साइटवर पाऊल टाकलं की ठेकेदाराची माणसं मास्तर वर्गात आल्यासारखी चिडीचूप होतात. "हे पाहुण्यांकडे गेले तरी चमचा उलटा करून शिक्का बघतात," असं बायको सगळ्यांना सांगायची.

ती गेल्या वर्षी गेली. लेक लांबून यायची होती, म्हणून एक रात्र तिला हॉस्पिटलच्या शवागारात ठेवावं लागलं. बारा महिने पायात मोजे घालणारी बाई! आत तिला थंडी वाजली असेल का? तेव्हापासून हा वेडा प्रश्न माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलाय. पण विचारणार कुणाला?

आणि यंदा माझ्या वाट्याला काम आलं तेही सरकारी हॉस्पिटलच्या नव्या शवागाराचंच.

दुपारी सगळे जेवायला गेले होते. खोलीत ओल्या रंगाचा वास, आणि भिंतीला लागून स्टीलचे कप्पे, दारं मिटून ओळीनं उभे. मला त्या दारांकडे बघवत नव्हतं. पण शिक्का कप्प्याच्या आत, अगदी मागच्या पत्र्यावर असतो. बाहेरून कसा दिसणार? मी एका कप्प्याचं दार उघडलं, ट्रे बाहेर ओढला, त्याच्यावर पालथा झोपलो, बॅटरी दातात धरली आणि हातांनी रेटत आत सरकलो.

ट्रे लोण्यासारखा सरकला. माझ्यामागे दारही लोण्यासारखं बंद झालं. खट्!

दचकून मी तोंड उघडलं. बॅटरी पडली आणि विझली.

घाबरलो नाही. कुणी चुकून आत अडकलं तर दार उघडायला आतून एक खुंटी असते, हे मला ठाऊक होतं. पायानं चाचपडलं. खुंटीच्या जागी भोक लागलं. मग आठवलं. ती खुंटी परदेशी होती! मीच मागच्या आठवड्यात सगळ्या काढायला लावल्या होत्या. मुकादम तेव्हा म्हणाला होता, "राहू द्या साहेब, आतून कोण उघडणार आहे?"

"मग तर नकोच!" असं मी ऐटीत म्हणालो होतो.

आता घाबरलो. जेवण झालं की वायरमन येणार आणि गारव्याचं मशीन चालू करून बघणार होता. तो आला नाही तर गुदमरायचं, आला तर गारठायचं! काळोख एवढा की डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे बोटानं तपासावं लागलं. पाठीवरचा शर्ट भिजला, आणि पोटाखालचा पत्रा मात्र गारच.

तेवढ्यात शेजारच्या कप्प्यातून आवाज आला. खर्र... खर्र...

नखानं पत्रा खरवडावा तसा.

"कोण आहे?" मी विचारलं. खरवडणं थांबलं. कुणीतरी श्वास रोखलाय एवढं कळत होतं.

नवीन शवागार. अजून एकही माणूस आत ठेवलेला नाही. मग शेजारी कोण? माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अगं... तू आहेस का?"

टक्.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. पण खरं सांगतो, भीती गेली. वर्षभर अडकलेलं सगळं बाहेर पडलं. "अगं, त्या रात्री मी बाहेर बाकावरच होतो. ते मला आत येऊ देईनात. तुझे मोजे खिशातच राहिले बघ. थंडी वाजली का गं तुला? नसेल वाजली तर दोनदा वाजव."

मी कान पत्र्याला लावला. टक्. टक्.

मी तिथंच, पालथा पडून, पोरासारखा रडलो.

एवढ्यात खोलीत पावलं वाजली. वायरमन! मी लाथा झाडत ओरडलो, "उघड! जिवंत आहे मी!"

शेजारून आवाज आला, "मी पण!"

माझी बायको जन्मात कधी एवढ्या घोगऱ्या आवाजात बोलली नव्हती.

वायरमन "आई गं!" म्हणत पळाला. शेवटी जुन्या इमारतीतून मोठ्या सिस्टर आल्या आणि त्यांनी दोन्ही दारं उघडली. माझ्या शेजारून मुकादम निघाला, हातात कानस!

"काय करत होता दोघं?" सिस्टर कडाडल्या.

"तपासणी," मी म्हणालो.

"मी पण," मुकादम म्हणाला.

तो परदेशी शिक्का खरवडायला आत शिरला होता. पावलं ऐकून त्यानं दार स्वतःच ओढून घेतलं होतं, आणि 'खट्' ऐकल्यावर आलेला माणूस गेला असं समजून पुन्हा कानस चालवली होती.

बाहेर पायरीवर दोघंही बसलो.

"मग टकटक कशाला केलीस रे?"

"पहिल्यांदा कोपर लागलं साहेब. नंतर भूत विचारतंय म्हटल्यावर काय करू? त्यात ते मला 'अगं' म्हणतंय! मला वाटलं, नाही म्हटलं की सोडेल." मग त्यानं हळूच विचारलं, "वहिनी होत्या का साहेब?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग खोटं नाही सांगितलं मी. खरंच नाही वाजत आत थंडी."

"अरे, मशीन बंद होतं!"

"असू दे ना साहेब," तो म्हणाला. "नाही वाजत."

कप्प्यांचा सगळा माल मी त्याच दिवशी नाकारला. मुकादमाचं उत्तर मात्र, एकदाही उलटं करून न बघता, तसंच घरी घेऊन आलो.