कशेडीखालचा हुकमी बिघाड

लांबच्या प्रवासाला निघताना शहाणी माणसं गाडीचे चांगले सुटे भाग बरोबर घेतात. आमचा जनूभाऊ मोडके घेई. त्याच्या मोटारसायकलच्या मागे एक खाकी पिशवी बांधलेली असे आणि तिच्यात जळालेले दोन प्लग, तुटकी साखळी, मधोमध उसवलेली क्लचची केबल, झिजून पापड झालेल्या क्लचच्या प्लेटा, असा सगळा मेलेला माल. हे असं का, म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणाला, "भाऊसाहेब, चांगला पार्ट वाटंत मोडंल म्हणून जीव धाकधूक करतो. मोडक्याचं तसं नाय. तो आधीच मोडलेला हाय."

मी महाडच्या कचेरीतला साधा कारकून. मला सायकलची घंटीसुद्धा दुरुस्त करता येत नाही.

जनूभाऊची ती मोटारसायकल लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात निघालेली. शत्रूनं शरणागती पत्करली ती हिचाच आवाज ऐकून, असं माझं ठाम मत आहे. जनूभाऊ आपल्या नाते गावाहून निघाला की महाडात चहावाला आवाज ऐकून आधण ठेवी, आणि पाणी उकळून चहा गाळून होईस्तोवर जनूभाऊ दारात येई. दासगावच्या खाडीतले मासे त्या आवाजानं आपण होऊन होडीत उडी मारत, असं तिथला एक कोळी मला शपथेवर सांगत होता. मी विश्वास ठेवला. मासे मी स्वतः खाल्ले होते.

धंदा त्याचा भाताच्या गिरण्यांची ऑइल इंजिनं दुरुस्त करण्याचा. महाडपासून पार रत्नागिरीपर्यंत कुठल्याही गिरणीनं मान टाकली की जनूभाऊला निरोप जाई. तो यायचा, पेचकसाचं एक टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "इंजिन खोटं बोलत नाय. बोलतो तो माणूस." पाच मिनिटांत इंजिन चालू. पोलादपूरच्या एका गिरणीवाल्याचं इंजिन तर म्हणे जनूभाऊ गावाच्या वेशीवर आल्याचं कळताच आपोआप सुरू झालं.

आणि असल्या या माणसाची स्वतःची गाडी दर खेपेला बंद पडे. तीही एकाच गावात. पोलादपूर सोडलं, कशेडीचा घाट लागायच्या आधी रस्त्याला लागून दहा-बारा घरांची एक वाडी आहे, तिथं. जाताना एकदा, येताना एकदा. रत्नागिरीचे गिरणीवाले वाट बघून थकत. "अरे, त्या वाडीत तुझ्या गाडीचं माहेर हाय काय रे?" असं लोक त्याला भर बाजारात विचारत. जनूभाऊ खाली मान घालून हसे आणि किक मारी.

एकदा मला चिपळूणला बहिणीकडे जायचं होतं आणि एस्टी चुकली. जनूभाऊ म्हणाला, "बसा मागं." बसलो. पोलादपूरपर्यंत माझी तीन हाडं जागची हलली, पण गाडीनं एकदाही उचकी दिली नाही. वाडी जवळ आली. रस्त्याकडेला एक वाकडा आंबा होता. तिथं जनूभाऊनं गुडघ्याखाली हात घातला आणि पेट्रोलचा नळ बंद केला. मी मागून स्पष्ट पाहिलं. नळीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी शेवटच्या घराच्या अंगणापर्यंत गेली, दोनदा खोकली आणि गप्प झाली. पुढं ना मागं, बरोब्बर दारात.

"गेली!" जनूभाऊ मोठ्यानं ओरडला.

पडवीत एक थोराड, जाड मिशांचा माणूस सुपारी कातरत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. "आज काय मोडलं?"

जनूभाऊनं पिशवीत हात घातला आणि बाहेर काढला. "क्लचच्या प्लेटा."

"मंग जेवायलाच थांबावं लागंल," मिशा म्हणाल्या आणि आत वळून हाक दिली, "दोन पानं वाढवा गो."

आतून पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आली. "मामा, पुन्हा काय तुमची गाडी? इकून टाका तिला." जनूभाऊनं तांब्या दोन्ही हातांनी घेतला. पिताना नजर तिच्यावरच, त्यामुळे निम्मं पाणी सदऱ्यावर.

त्या दिवशी आम्ही तीन तास दुरुस्ती केली. म्हणजे त्यानं काहीही न बिघडलेली गाडी खोलली आणि पुन्हा जोडली. मुलगी अंगणात भात पाखडत होती. तो एक स्क्रू फिरवी आणि तिच्याकडे बघे. शेजारची एक म्हातारी काठी टेकत आली, जमिनीवरची साखळी बघून म्हणाली, "ही तर शिमग्यालाबी तुटली व्हती नव्हं?" जनूभाऊनं साखळीवर पाय ठेवला. "ती ह्या साखळीची बहीण, आजी."

घाटाच्या माथ्यावर त्यानं गाडी थांबवली. या वेळी नळ बंद न करता, उघडउघड, माझ्यासाठी. मग त्यानं सगळं सांगितलं.

ती मुलगी शेवंती. त्याची. मिशावाला राघोबा, त्याचा मेहुणा. जनूभाऊची बायको पहिल्या बाळंतपणाला त्या माहेरच्या घरी आली होती. श्रावणाचे दिवस. जनूभाऊ रत्नागिरीला एका गिरणीवर. निरोप मिळताच निघाला, आणि कशेडीच्या माथ्यावर, आम्ही उभे होतो त्याच वळणाला, गाडीचा ठिणगी पाडणारा मॅग्नेटो गेला. खरोखरचा. पावसानं भिजून. दुसरा जवळ नव्हता. गाडी तिथंच टाकून तो पायी घाट उतरला. पोचला तेव्हा नदीकाठी चिता पावसात धुमसत होती आणि पोर राघोबाच्या बायकोच्या मांडीवर होती.

जनूभाऊच्या घरी तान्हं पोर सांभाळायला कुणी नव्हतं. राघोबाला मूल नव्हतं. राघोबा म्हणाला, पोर आम्ही वाढवतो, पण पोरीला एकच बाप पुरे. तू येऊ नकोस.

"मी हो म्हणालो," जनूभाऊ म्हणाला. "वरीसभर तिकडं बघितलं नाय. मंग एकदा त्या दारातच साखळी तुटली. खरी तुटली, भाऊसाहेब! मला वाटलं, आता मेहुणा मारतो. पण वाटसरूची गाडी दारात बंद पडल्यावर त्याला कोण हाकलतो? पाणी दिलं. पोर अंगणात रांगत व्हती."

तेव्हापासून शेवंती मामाला बा म्हणत होती आणि बापाला मामा.

जनूभाऊनं मग बिघाडांचं एक वेळापत्रकच बसवलं होतं. प्लग म्हणजे अर्धा तास, पाणी आणि गूळ. केबल म्हणजे तासभर, चहा. साखळी दोन तास. क्लचच्या प्लेटा म्हणजे जेवण. सणासुदीला प्लेटा. एकच भाग त्यानं त्या दारात कधी मोडला नाही. मॅग्नेटो. "त्याचं नाटक नाय करवत," म्हणाला.

राघोबानं पंधरा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं की बाबा, तुझी गाडी घाटात का बिघडत नाही. तो फक्त काय मोडलं ते विचारी आणि त्याप्रमाणे आत हाक देई.

पुढच्या वर्षी शेवंतीचं लग्न ठरलं. स्थळ चांगलं, घरची शेती. जनूभाऊ माझ्याकडे कचेरीत आला आणि तिच्या सासरचं गाव नकाशात दाखवा म्हणाला. मी दाखवला. पोलादपूरच्या वरच्या डोंगरातलं गाव. रस्ता संपतो तिथून दोन तासांची उभी चढण. त्यानं नकाशावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही. "गाडीरस्ता कुठाय?" मी म्हणालो, नाही. "काढणार हाईत काय?" मी आयुष्यात हजार थापा मारल्या आहेत, पण त्या वेळी एक साधी थाप तोंडातून निघेना.

लग्नाच्या दिवशी मी त्याच्या मागे बसलो. वाकड्या आंब्याशी त्यानं नळ बंद केला. गाडी मांडवासमोर बंद पडली.

"काय मोडलं?" राघोबानं विचारलं. फेटा बांधला होता, डोळे लाल होते.

जनूभाऊनं पिशवीत हात घातला आणि तसाच रिकामा बाहेर काढला.

"असू दे," राघोबा म्हणाला. "बसा. मांडवात बसा."

कन्यादान राघोबानं केलं. जनूभाऊ शेवटच्या रांगेत माझ्याशेजारी बसून अक्षता टाकत होता. लांबून टाकलेल्या अक्षता पुढच्या रांगेच्या डोक्यांवर पडत होत्या, तरी टाकत होता.

निघताना शेवंती सगळ्यांच्या पाया पडली. राघोबाच्या गळ्यात पडून रडली. मग अंगण ओलांडून गाडीपाशी आली. जनूभाऊ घाईघाईनं खाली बसून चाकाशी काहीतरी करू लागला. ती त्याच्या पाया पडली आणि हळूच म्हणाली, "मामा, इतक्या वरसांत तुमची गाडी शेजारच्या दारात एकदाबी नाय बंद पडली."

जनूभाऊनं चाकाचा आधीच घट्ट असलेला नट आणखी आवळला.

"आमच्या गावाला गाडी येत नाय," ती म्हणाली. "पर चालता चालता वहाणंचा अंगठा तुटला, तरी माणसाला थांबवतातच की."

आणि ती वऱ्हाडाबरोबर गेली.

त्यानंतर जनूभाऊला गाडी चालू करता येईना. बारा किका मारल्या. शेवटी मीच वाकलो आणि पेट्रोलचा नळ उघडला.

भाताची कापणी सुरू झाली तेव्हा तो डोंगरावर गेला. दुसऱ्या दिवशी कचेरीच्या पायरीवर येऊन बसला. पायांना फोड, एका वहाणेचा अंगठा सुरीनं कापावा तसा सरळ कापलेला.

"भेटली?" मी विचारलं.

"नाय. कापणीला गेली व्हती, पार वरच्या शेतावर. सासू व्हती घरात. चांगली हाय बाई. बसा म्हणाली, पाणी दिलं." त्यानं कापलेली वहाण पायातून काढून बाजूला ठेवली. "दोन तांबे प्यालो."

"इतकी तहान लागली होती?"

"तहान नाय, भाऊसाहेब. पाणी सकाळी तिनंच भरलेलं असणार ना."