सीमेवरची संत्री

या खेपेला सहल मोडणार नाही, अशी तजवीज नोएलीनबाईंनी केली होती. नकाशा स्वयंपाकघराच्या भिंतीवर टाचला होता, कोंबड्या भाचीकडे पोचवल्या होत्या, व्हॅनला नवे टायर घातले होते. फ्लिंडर्सच्या राष्ट्रीय उद्यानात उजाडताना डोंगर लाल होतात ते बघायचं, मग तिथून समुद्राकाठच्या उद्यानात उतरायचं, असा बेत त्या आणि शेजारच्या मर्लबाई कित्येक वर्षं आखत होत्या. दर वर्षी काहीतरी निघायचं; कधी लेकीचं बाळंतपण, कधी कुणाचा गुडघा. आता मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, लांबची गाडी चालवायची ती याच वर्षी. आणि मर्लबाईंना गाडी येतच नव्हती.

धोका एकच होता. त्या राहत त्या मिलड्यूराकडची माणसं निघालेल्याला रिकाम्या हातानं जाऊ देत नाहीत, आणि द्यायला त्यांच्याकडे असतात संत्री. वाटेतल्या साउथ ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर तर फळमाशीच्या धास्तीनं साधं लिंबूही पलीकडे नेऊ देत नाहीत. म्हणून नोएलीनबाईंनी गल्लीभर सांगितलं, फळ आणायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. संत्र्यांची स्वतःची बाग असलेले समोरचे कार्मेलो जरा हिरमुसले, पण निरोपाला तेही हात हलवत आले. त्यांची बायको रोझा बराच वेळ व्हॅनमध्ये शिरून पडदे सारखे करत होती.

सीमेच्या अलीकडे फळं टाकायची मोठी पिंपं आहेत, तिथे दोघी चहाला थांबल्या. मर्लबाईंनी व्हॅनमधलं कपाट उघडलं. कपांच्या आधी लिंबं खाली आली.

मग व्हॅन धुंडाळणं आलंच. गादीखाली ग्रेपफ्रूट निघाली, बेसिनमध्ये टॉवेलखाली छोटी मँडरिन संत्री निघाली, नोएलीनबाईंच्या गमबुटांतही कुणीतरी फळं कोंबली होती. मागच्या बाकाखाली निळ्या फुलांचा उशीचा अभ्रा होता, तोंड दोरीनं बांधलेला, संत्र्यांनी गच्च.

"टाक पिंपात सगळं," नोएलीनबाई म्हणाल्या. "अंधाराआधी डोंगर गाठायचाय. कांगारू रस्त्यावर आले की मला दिसायचे नाहीत."

"देवानं दिलेलं अन्न मी टाकत नाही. रोज सकाळी तसा शब्द देते त्याला."

"मग परत जाऊ या?"

"पोचवू आणि लगेच निघू."

"लगेच? अगं, परत गेलो की चहा होईल, मग जेवण होईल, मग तुझ्या नातवाला ताप येईल. झालं, राहिले डोंगर."

मर्लबाईंना ते पटलं. त्यांनी एक मँडरिन घेतलं, डोळे मिटून प्रार्थना केली आणि खाल्लं. दुसरं घेतलं, पुन्हा डोळे मिटले.

"सगळ्यांची मिळून एकच केलीस तर त्याला चालणार नाही का गं?"

"त्याला चालेल. मला नाही चालत."

अशानं सीमा ओलांडायला पुढचा नाताळ उजाडला असता. पण तेवढ्यात पलीकडून, अॅडलेडकडून आलेली एक गाडी पाय मोकळे करायला थांबली. ही मंडळी मिलड्यूराकडेच चालली होती आणि इकडची फळं इकडे न्यायला कुणाचीच हरकत नव्हती. मर्लबाईंनी त्यांच्या हातात लिंबांची पिशवी ठेवली. मग दुसरी गाडी आली. मग मर्लबाई स्वतःच टोपी घालून रस्त्याकडेला उभ्या राहिल्या, आणि निळा अभ्रा एका ट्रकवाल्याच्या मांडीवर बसून परत फिरला.

चौकीवरच्या तरुण अधिकाऱ्यानं फळं आहेत का, असं विचारलं. नोएलीनबाईंनी छातीठोकपणे नाही म्हटलं. त्यानं मर्लबाईंची विणकामाची टोपली उचलली आणि तळातून एक मँडरिन काढलं. दोघींचे चेहरे बघून त्याला दंडाचं काही सुचलं नसावं.

"आजी, पिंपात टाका, नाहीतर इथेच खाऊन टाका."

मर्लबाईंनी डोळे मिटले. मागे गाड्यांची रांग लागली. अधिकाऱ्यानं आधी घड्याळ पाहिलं, मग टोपी काढून हातात धरली.

त्या दिवशी डोंगर गाठले नाहीत ते नाहीतच. मुक्काम सीमेपलीकडच्या रेनमार्क गावात पडला. पण तिसऱ्या दिवशी उजाडताना डोंगर लाल झाले तेव्हा दोघी घोंगडी पांघरून समोर बसल्या होत्या. नोएलीनबाईंनी चष्मा दोनदा पुसला आणि चहा निवला तरी घेतला नाही.

समुद्रही बघून दोघी घरी परतल्या, तर कार्मेलो फाटकाशी वाट बघत होते. त्यांच्या हातात निळ्या फुलांचा अभ्रा होता.

"तुमच्यासाठी संत्री राखून ठेवलीत. पेट्रोल पंपावर एक ट्रकवाला फुकट वाटत होता. म्हणाला, सीमेवर कुणी दोन देवमाणसं भेटली."

"कशी आहेत?" मर्लबाईंनी हळूच विचारलं.

"गोड आहेत, नाही असं नाही." कार्मेलोंनी मान हलवली. "पण आमच्या बागेची सर नाही हो."

त्यांच्या मागे रोझा उभी होती. ती आपल्याच अभ्र्याकडे बघत होती. मर्लबाईंनी एक संत्रं घेतलं आणि डोळे मिटले. या वेळी नोएलीनबाईंनीही मिटले. हसू दाबायला दुसरा उपाय नव्हता.